एक हजार तीनशे चौदा जोड्या

छापखान्यातून आलेल्या गठ्ठ्यात आमच्या कोशाची सोळा पानं होती आणि सतरावं पान आमचं नव्हतं, हे मला ते पान अर्धं तपासून झाल्यावर कळलं. सवयच तशी झाली आहे. हातात लाल पेन्सिल आणि पुढ्यात ताज्या शाईच्या वासाचं प्रूफ आलं की आधी डोळे धावतात, अर्थ मागाहून लंगडत येतो. एक काना राहिला होता तो दिला, एका ओळीतली जास्तीची जागा मिटवली, आणि मग तिसऱ्या परिच्छेदात वाचलं: ‘या सर्व एक हजार तीनशे चौदा जोड्या माझ्या धाकट्या बहिणीने एकेक करून ऐकल्या आहेत. ती गेली सत्तावीस वर्षे कोशकार्यालयात शब्दांची तपासणी करते. तिने एकाही जोडीला हरकत घेतली नाही. तेव्हा प्रस्तुत ग्रंथ तिच्याकडून तपासून झालेला आहे असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.’ प्रत्यवाय हा शब्द दादाने बिनचूक लिहिला होता, एवढंच त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं. मग कानशिलं तापली. खिडकीतून येणाऱ्या उन्हात टेबलावरची धूळ दिसत होती आणि ती पुसायला हवी असंही वाटत होतं, आणि त्या दोन्हींच्या मधून कुठून तरी एक बारीक, चिडका आवाज म्हणत होता, काय केलंस रे दादा, काय करून ठेवलंस हे.

दादाचं पुस्तक, जपानी आणि पश्चिम आफ्रिकेतले शब्द जोडून दाखवणारं, आमच्याच छापखान्यात आहे हे मला ठाऊक होतं. त्यात प्रस्तावना आहे हेही ठाऊक होतं. प्रस्तावनेत मी आहे हे मात्र तो मला पुस्तक हातात देऊन सांगणार होता, हे आता लक्षात आलं; गेले आठ दिवस तो माझ्याकडे बघून उगाच हसत होता ते याचसाठी. मी पान पालथं घालणार तेवढ्यात संपादक मागे उभे असलेले दिसले. त्यांना पावलांचा आवाज न करता चालायची खोड आहे. त्यांनी पान उचललं, चष्मा कपाळावर चढवला आणि डोळ्यांच्या अगदी जवळ धरून वाचलं. ‘बाई, हे तुमचे बंधू का?’ मी हो म्हटलं. ‘आणि हे तुम्ही तपासलंत?’ ‘ऐकलंय, सर.’ ‘ऐकलंय म्हणजे?’ ‘म्हणजे ऐकलंय.’ ते शेजारच्या खुर्चीत बसले. ते बसले की गोष्ट गंभीर असते. साध्या चुका ते उभ्यानेच सांगतात. ‘आपल्या व्युत्पत्तीच्या खंडावर तपासनीस म्हणून तुमचं नाव जातंय. महिन्याभरात दोन्ही पुस्तकं एकाच छापखान्यातून बाहेर पडतील. एकात तुम्ही म्हणणार की पुरावा नसेल तर व्युत्पत्ती अज्ञात. दुसऱ्यात तुम्ही म्हणणार की जपानी माणूस आणि पश्चिम आफ्रिकेतला माणूस सख्खे चुलत भाऊ.’ ‘मी म्हणत नाही, सर.’ ‘तुमच्या नावाने म्हटलं जातंय ना.’ मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि आवाज खाली आणला. ‘त्यांच्या प्रस्तावनेचा फर्मा उद्या दहाला छपाईच्या मशीनवर चढतोय. ती ओळ गेली तर मी हे पान पाहिलेलंच नाही. राहिली, तर खंडावर तुमचं नाव मला ठेवता येणार नाही. वाईट वाटून घेऊ नका.’ अकरा वर्षं मी तो खंड तपासत आले. वाईट वाटून घेऊ नका म्हणजे नेमकं काय घेऊ, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पण मी हळू बोलणारी बाई म्हणून सगळ्यांना माहीत आहे, आणि हळू बोलणाऱ्या माणसाचा टोमणा समोरच्यापर्यंत पोचतच नाही, असा माझा अनुभव आहे.

खरं तर सोपं होतं. लाल पेन्सिल हातात होती. त्या चार वाक्यांवरून एक आडवी रेघ, तिच्या शेवटाला काढून टाकण्याची ती छोटी वेटोळी खूण, आणि पान गठ्ठ्यात परत. छापखान्यातल्या जुळाऱ्याने ती ओळ काढली असती, दादाला पुस्तक हातात आल्यावर कळलं असतं, आणि तोवर मी म्हटलं असतं, जागा कमी पडली असेल रे. मी पेन्सिल टेकवलीसुद्धा. पण खोटं बोलायचं नाही हा माझा रोजचा नेम आहे, आणि तो मी सकाळी देवापुढे रोज नव्याने घेते, कालचा आजला चालत नाही. न बोलता केलेलं खोटं त्यात धरायचं की नाही, हा प्रश्न इतक्या वर्षांत मी कधी देवाला विचारला नव्हता. पेन्सिलीचा एक लाल ठिपका त्या ओळीच्या आधी उमटला तेवढाच. मी पान घडी घालून पिशवीत ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत ‘कळस’पासून ‘कळा’पर्यंतची कार्डं तपासली. त्यात दोन चुका सोडल्या असणार. दुसरा कुणी तपासत असता तर मीच त्याला म्हटलं असतं, लक्ष कुठे आहे.

दादाच्या जोड्यांची सुरुवात एका जहाज कंपनीच्या एजंटाच्या कचेरीत झाली. तिथे तो चौतीस वर्षं खलाशांच्या याद्या टाइप करत होता; नाव, जन्मगाव, हुद्दा, पारपत्राचा क्रमांक. एके दिवशी एका जहाजाचा जपानी इंजिनिअर आला, त्याचं आडनाव ओकादा. त्याच दुपारी दुसऱ्या जहाजाचा एक खलाशी आला, तो पश्चिम आफ्रिकेतला, आणि त्याने जन्मगाव सांगितलं ओकादा. दादा म्हणतो की त्याची बोटं टाइपरायटरवर थांबली. माझा यावर विश्वास आहे. बोटं थांबावीत अशीच ती गोष्ट आहे. पण बोटं थांबल्यावर माणसाने पाणी प्यावं, खिडकीबाहेर बघावं आणि पुन्हा टाइप करायला लागावं. दादाने त्याऐवजी एका कोऱ्या कार्डावर ती दोन नावं लिहिली आणि वर आकडा घातला: एक. आकडा घालायचीच चूक झाली. आकडा घातला की दुसऱ्याची वाट बघणं आलं. मग कचेरीत येणाऱ्या प्रत्येक परक्या माणसाला तो शब्द विचारू लागला. तुमच्यात हाताला काय म्हणतात, डोक्याला काय, पाण्याला काय. बिचारी माणसं सही करून सुटायच्या घाईत, जे सुचेल ते सांगून जात. जुळलं ते कार्डावर चढे. न जुळलेलं तो कुठे लिहीत असे, हे मी एकदाच विचारलं होतं, फार पूर्वी. तो म्हणाला, ‘न जुळलेलं कशाला लिहायचं? त्याचा उपयोग काय?’ मी तेव्हा गप्प बसले. त्याच ठिकाणी सगळा ग्रंथ कोसळतो, आणि त्याच ठिकाणी मी गप्प बसले.

जोडी जुळली नाही तर तो ती जुळवून घेई, हे त्याहून वाईट. ‘आका’ म्हणजे जपानीत लाल आणि तिकडच्या एका भाषेत हात. तर कार्डावर खाली बारीक अक्षरात: ‘हात कापला असता लाल दिसतो.’ ‘ओबी’ म्हणजे जपानीत कमरेला बांधायचा पट्टा आणि तिकडे हृदय; खाली: ‘दोन्ही शरीराच्या मधोमध.’ अरे, मधोमध तर बेंबीही आहे, असं माझ्या तोंडावर येई आणि मी ते गिळी. एकदा फार चिडून मी कचेरीतल्या दुपारच्या सुट्टीत एक यादी केली, आमच्याच घरातल्या नात्यांची. ‘नाना’ म्हणजे जपानीत सात. ‘मामा’ म्हणजे ‘जसंच्या तसं’. ‘काकी’ म्हणजे एक केशरी फळ, आणि ‘काकू’ म्हणजे लिहिणं. ‘काका’ हा तर पश्चिम आफ्रिकेतल्या एका भाषेत आजोबा निघाला, आणि ‘आजा’ दुसऱ्या एका भाषेत कुत्रा. डबा खाता खाता अर्ध्या तासात आमचा अख्खा गोतावळा दोन्ही मुलखांत जाऊन बसला. छोटे शब्द, मोजके आवाज, प्रत्येक अक्षराच्या शेवटी उघडा स्वर. असल्या दोन भाषा शेजारी ठेवल्या की शब्दांवर शब्द पडतातच, टोपलीत लिंबं हलवली की एकमेकांना लागतात तसे. तो कागद मी दादाला दाखवायला घरी आणला. मग वहिनींनी चहा दिला, दादा नव्या कार्डाबद्दल सांगायला लागला, त्याचा चेहरा बघितला आणि कागद पोथीत खूण म्हणून गेला. अजून तिथेच आहे. पोथी उघडली की आजा म्हणजे कुत्रा, मग श्लोक.

पण खरी गोष्ट माझ्या मौनाच्या तासाची आहे. ती सांगायला मला जड जातं. बावीस वर्षांपूर्वी, मी कोशात कायम झाले त्या आठवड्यात, दादा एक फुलस्केप कागद घेऊन माझ्या खोलीत आला होता. त्यावर त्याने काही शब्दांच्या व्युत्पत्त्या स्वतःच्या डोक्याने लावल्या होत्या. भाषेचा अभ्यास त्यालाच करायचा होता. वडील गेले तेव्हा तो कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता, आणि त्याने जहाजाच्या कचेरीचा अर्ज भरला आणि दोन वर्षांनी तिथल्याच टाइपरायटरवर माझा कॉलेजचा अर्ज टाइप केला. त्यात भाषा या विषयापुढे बरोबरची खूण त्यानेच केली, मला न विचारता. तर तो फुलस्केप कागद. मी दमून आले होते, डोकं दुखत होतं, आणि मी म्हटलं, ‘तुला काय कळतंय रे त्यातलं.’ मोठ्याने नाही. मला मोठ्याने बोलताच येत नाही. त्याने कागदाची घडी घातली, मग आणखी एक घडी, मग आणखी एक, तो चौकोन इतका लहान झाला की मुठीत मावला, आणि तो ‘जेवायला ये’ म्हणून गेला. त्या घड्या मला अजून ऐकू येतात. दुसऱ्या दिवसापासून मी संध्याकाळी सहा ते सात मौन धरलं. जिभेने केलं ते जिभेनेच फेडावं असा हिशेब. कुणाला कारण सांगितलं नाही. घरातल्यांनी धरून चाललं की बाईचं आणखी एक व्रत.

दादा निवृत्त झाला तेव्हा त्याच्याजवळ बुटांच्या नऊ खोक्यांत कार्डं होती आणि ऐकवायला कुणी नव्हतं. वहिनींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ‘मला भाजी निवडताना ऐकवा, नाहीतर ऐकवू नका, आणि निवडतानाही नकोच, किडकी जाते.’ मग त्याला माझा तास सापडला. सहाला मी समई लावून बसायची, सव्वासहाला दारावर मधल्या बोटाच्या पेराने एक टकटक, आणि दादा स्टुलावर. रोज एक जोडी, दोनदा वाचायची. मग खालचं बारीक अक्षरातलं स्पष्टीकरण. मग दहा-बारा क्षण थांबायचं. मग कार्ड उलटं करून मांडीवर ठेवायचं आणि उठायचं. साडेतीन वर्षं आणि वर काही दिवस, एकही खाडा नाही. माझ्या तापातसुद्धा तो दारातून वाचून गेला. आणि मी, जिने जिभेसाठी मौन घेतलं होतं, ती त्या दहा-बारा क्षणांत आत नुसती भांडत असायची. हे उसनं घेतलेलं आहे. हे नाव आहे, शब्द नव्हे. हे त्या खलाशाने तुला टाळायला सांगितलं असणार. ओठ मिटलेले, समोर ज्योत स्थिर, आणि पोटात बाजार भरलेला. देवापुढे बसून मी रोज एक लढाई जिंकत होते आणि समोरच्याला लढाई असल्याचा पत्ताच नव्हता. खरं सांगायचं तर मला त्या तासाचा आधार वाटायला लागला होता. बोलायची परवानगी नसली की बोलायची जबाबदारीही राहत नाही.

घरी आले तेव्हा सहाला वीस मिनिटं होती. वहिनी ओट्यापाशी होत्या. ‘वन्सं, आज एक हजार तीनशे पंधरावी आहे म्हणे. पुस्तक छापायला गेलं तरी यांचं दुकान चालूच.’ मी पिशवी खाली ठेवली नाही. ‘वहिनी, दादाने प्रस्तावनेत माझ्याबद्दल लिहिलंय.’ ‘लिहिलंय ना. मला वाचून दाखवलं. चांगलं लिहिलंय. माझ्याबद्दल एक अक्षर नाही, नऊ खोक्यांवरची धूळ मी झटकली त्याचं काही नाही.’ त्यांनी झाकण ठेवलं. ‘एवढ्या जोड्या जमवल्या, एकाही लग्नाचं जेवण नाही मिळालं आपल्याला.’ एरवी मी हसले असते. ‘ते खरं नाही, वहिनी. मी तपासलेलं नाही काही.’ त्या माझ्याकडे वळल्या. ‘मग सांगा की त्यांना.’ ‘कसं सांगू?’ ‘तोंडाने.’ आणि पुन्हा ओट्याकडे वळल्या. वहिनींचं हे असं आहे. जगातल्या सगळ्या गोष्टी त्यांना भांड्यासारख्या दिसतात, घासली की झाली. वीस मिनिटं होती. दादा पुढच्या खोलीत खुर्चीत बसून कार्डाला धार लावावी तसा त्याच्या कडा नखाने सरळ करत होता, मला बघून पुन्हा तसाच हसला, आणि मी हातपाय धुवायला गेले. उरलेला सगळा वेळ मी हातपाय धूत होते. साबण दोनदा लावला. नळ बंद केला तेव्हा घड्याळात सहाला एक मिनिट होतं, आणि मला सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटल्याचा इतका संताप आला की समई लावताना काडी मोडली.

सव्वासहाला टकटक झाली. दादा स्टुलावर बसला. त्याने घरातला जुना स्वेटर घातला होता आणि खिशाला टाइपरायटरच्या दिवसांतलं तेच निळं पेन होतं. ‘एक हजार तीनशे पंधरा,’ तो म्हणाला. ‘पुस्तकात येणार नाही ही, पुढच्या आवृत्तीसाठी. इके. जपानीत तळं. तिकडे ताकद. इके, तळं. इके, ताकद.’ मग खालचं: ‘तळ्याचे पाणी पिणाऱ्यास ताकद येते.’ आणि तो थांबला, ते दहा-बारा क्षण. मी रोजच्यासारखी ज्योतीकडे बघत होते. त्या क्षणांत मला पहिल्यांदाच दिसलं की तो नुसता थांबत नाही. त्याची मान किंचित माझ्याकडे झुकलेली असते आणि नजर माझ्या हातांवर असते. उजव्या हातावर. आमच्या कचेरीत कार्ड टेबलावरून फिरतं. ज्याला हरकत असेल त्याने उजव्या कोपऱ्यात लाल फुली करायची. फुली न होता कार्ड फिरून परत आलं की ते मंजूर, पुन्हा विचारायचं नाही. हा नियम मीच त्याला सांगितला होता, नोकरीला लागले तेव्हा, मोठ्या अभिमानाने, जेवताना. तो वेड्यासारखा गृहीत धरत नव्हता. तो माझ्या कचेरीच्या रीतीने माझ्यापुढे कार्ड फिरवत होता, साडेतीन वर्षं, आणि फुलीची वाट बघत होता, आणि कार्ड रोज स्वच्छ परत जात होतं. त्याने कार्ड उलटं करायला हात वळवला.

‘नाही,’ मी म्हटलं.

दादाने आधी घड्याळाकडे बघितलं. ‘अजून चाळीस मिनिटं आहेत.’

‘माहीत आहे.’

‘व्रत मोडलंस.’

‘हो.’

‘या कार्डासाठी?’ त्याने कार्डाकडे बघितलं, त्यात आपल्या नजरेतून सुटलेलं काहीतरी मोलाचं असावं असं. ‘नाही म्हणजे काय नाही?’

‘ते दोन शब्द एकमेकांचे कुणी लागत नाहीत, दादा. तळ्याचा आणि ताकदीचा काही संबंध नाही. तो तू लावलास.’ माझा आवाज नेहमीसारखाच बारीक होता आणि दादा नेहमीसारखाच ऐकायला पुढे झुकला. मला ते इतकं असह्य झालं, ते झुकणं, की मी पिशवीतून पान काढून त्याच्या हातात दिलं. त्याने स्वतःचीच वाक्यं वाचली, ओठ हलवत. लाल ठिपक्यापाशी थांबला. ‘हे काय?’ ‘मी ते काढून टाकणार होते. तुला न सांगता.’ ‘मग काढलं का नाहीस?’ मी काही बोलले नाही. ‘बघ, पुन्हा गप्प,’ तो म्हणाला, रागाने नाही, एखादी नोंद करावी तसा. मग मी संपादकांचं सगळं सांगितलं, उद्या दहाचं, खंडावरच्या नावाचं. त्याने ऐकून घेतलं. त्याला अपमान वाटला की नाही मला कळेना. माझं सगळं लक्ष त्याच्या बोटांकडे होतं. तो पानाची घडी घालतो का, हे मी बघत होते.

‘एकूण किती नाहीत?’ त्याने विचारलं.

‘काय?’

‘ही नाही म्हणालीस. आधीच्या एक हजार तीनशे चौदांपैकी किती नाहीत?’

‘मला वाटतं, जवळजवळ सगळ्या.’

‘आणि तू रोज ऐकत होतीस.’

‘मौन होतं ना माझं.’

‘मौन तासाचं असतं, मने. बाकीचे तेवीस तास?’

बाहेर वहिनींनी कुठलं तरी भांडं ठेवलं. मला जे सुचलं ते बावीस वर्षं जपून ठेवलेलं होतं, म्हणून तेच बोलले. ‘मी तुला एकदा म्हटलं होतं, तुला काय कळतंय त्यातलं. तू कागद आणला होतास. तू त्याच्या घड्या घातल्यास. त्यासाठी हा तास होता, दादा.’ तो विचार करू लागला. खरोखरच आठवू लागला, भुवया वर करून, वर पंख्याकडे बघत. ‘कधी?’ ‘मी कायम झाले तेव्हा.’ ‘कुठला कागद?’ ‘फुलस्केप.’ ‘नाही बुवा आठवत,’ तो म्हणाला. ‘म्हणाली असशील. बरोबरच आहे, तेव्हा नव्हतंच कळत.’ आणि तो उठून पुढच्या खोलीत गेला. मी समईसमोर तशीच बसून राहिले. बावीस वर्षं. रोज एक तास. हसावं की कपाळ बडवून घ्यावं. ज्या घड्यांचा आवाज मी रात्रंदिवस ऐकला त्या घालणाऱ्याला कागदसुद्धा आठवत नव्हता. देवाकडे बघितलं, तर देव माझ्याकडे बघत होते, रोजच्यासारखेच, त्यांचंही त्यात काही म्हणणं दिसलं नाही.

पुढच्या खोलीतून फोनवर दादाचा आवाज आला, कचेरीतला, खणखणीत. ‘हो, मीच. प्रस्तावनेचा फर्मा थांबवा. नाही, उद्या नाही. नाही हो, छपाईची चूक नाही, छपाई उत्तम आहे. तपासणी चालू आहे. कधी संपेल?’ इथे त्याने मनातल्या मनात भागाकार केला असणार. ‘कळवतो,’ तो म्हणाला. वहिनी ओट्यावरून म्हणाल्या, ‘आता काय तपासणी आणखी? झाली ना म्हणे तपासून?’ ‘झाली नव्हती. ती नुसती बसली होती,’ दादा म्हणाला. ‘जेवायला उशीर होईल आपल्याला.’ ‘तुम्हाला होईल. मी जेवणार वेळेवर,’ वहिनी म्हणाल्या.

तो परत आला तेव्हा त्याच्या हातात पहिलं खोकं होतं, ‘१ ते १५०’ असं झाकणावर लिहिलेलं, आणि माझ्या पिशवीतली लाल पेन्सिल त्याने आपणच काढून घेतली. स्टूल त्याने समईपासून माझ्या बाजूला सरकवलं. मला वाटलं होतं तो खचेल, किंवा रागवेल, किंवा निदान आज रात्र जाऊ दे म्हणेल. त्याने चष्मा पुसला. माणूस गाडी पकडायला लवकर येऊन बसतो तसा तो बसला होता, अगदी तयार. ‘एक,’ तो म्हणाला. ‘ओकादा. आडनाव. ओकादा, गाव.’

‘नाही.’

‘का?’

‘एक आडनाव आणि एक गाव, दादा. दोन अनोळखी माणसं एकाच रंगाचा शर्ट घालून आली म्हणून भाऊ होत नाहीत.’

त्याने पहिल्या कार्डाच्या उजव्या कोपऱ्यात फुली केली. आमच्या कचेरीतल्यासारखीच, छोटी, दोन्ही रेघा सारख्या. ‘दोन.’ आका. नाही. तीन. नाही. चार, ओबी. नाही, आणि तिथे मी बेंबीचंही बोलून घेतलं. तो म्हणाला, ‘हे तेव्हाच सांगायचंस, मी बदललं असतं.’ ‘बदलायचं नसतं रे, तेच तर.’ ‘मग काय करायचं असतं?’ ‘टाकून द्यायचं.’ ‘टाकलेलं कुठे लिहायचं?’ हा प्रश्न त्याने मला विचारला. ‘मागच्या बाजूला,’ मी म्हटलं. सातव्या कार्डावर ‘उमी’ म्हणजे समुद्र होता आणि त्याच्या समोर ‘ओमी’ म्हणजे पाणी. मी तोंड उघडलं आणि मिटलं. ‘बोल,’ दादा म्हणाला. ‘माहीत नाही,’ मी म्हटलं. ‘योगायोगच असणार. पण सिद्ध नाही करता येणार मला.’ तो अस्वस्थ झाला. ‘माहीत नाही-ला कुठली खूण?’ ‘अर्धं वर्तुळ.’ ‘हे तू कधी सांगितलं नव्हतंस.’ ‘तू विचारलं नव्हतंस.’ ‘मी रोज विचारत होतो,’ तो म्हणाला, आणि अर्धं वर्तुळ काढलं.

सात वाजून गेले. माझा तास संपला होता आणि कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. समईतलं तेल खाली गेलं होतं. आत ताटं मांडल्याचा आवाज आला, दोन नव्हे, तीन, आणि वहिनींनी हाक मात्र मारली नाही. माझा घसा दुखायला लागला. इतक्या वेळा नाही मी आयुष्यात म्हटलं नसेन. नऊ, नाही. दहा, नाही. बाराव्या कार्डावर तो वाद घालायला लागला, मी वैतागले, माझा आवाज चक्क चढला, आणि तो खूष होऊन म्हणाला, ‘हं, आता ऐकू येतंय.’ याला काय म्हणावं.

मग त्याने सतरावं काढलं. ‘आनी,’ तो म्हणाला. ‘जपानीत थोरला भाऊ. तिकडे जमीन.’ दुसऱ्यांदा वाचलं. मग थांबला. खालची बारीक अक्षरातली ओळ तो वाचेल म्हणून मी वाट बघितली, पण तो नुसताच थांबला होता, तेव्हा मी वाकून बघितलं. खाली काही लिहिलेलं नव्हतं. एक हजार तीनशे कार्डांत प्रत्येकाखाली काही ना काही होतं. इथे जागा कोरी. ‘याचं स्पष्टीकरण?’ मी विचारलं. ‘याला काही लिहावंसं वाटलं नाही,’ दादा म्हणाला. पेन्सिल त्याने कार्डाच्या कोपऱ्याशी आणली होती, कागदाला न लावता. मी त्याच्या हाताकडे बघत होते. टाइपरायटरने चपटी झालेली बोटं. याच बोटांनी अर्जावर माझ्या विषयापुढे खूण केली होती. मला गप्प बसायचं होतं. फक्त या एका कार्डासाठी, दहा-बारा क्षण, पूर्वीसारखं. पण तास संपला होता, आडोशाला घ्यायला मौन राहिलं नव्हतं, आणि तो वाट बघत होता.

‘नाही,’ मी म्हटलं.

त्याने फुली केली, दोन्ही रेघा सारख्या, आणि कार्ड बाकीच्यांवर ठेवलं.

‘अठरा,’ दादा म्हणाला.